द्राक्ष पॅकहाउससाठी हँडहेल्ड निवडताना

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउससाठी आम्ही मालाचा माग ठेवणारं ॲप लिहिलं. बागेतून क्रेट आला, त्याच्या पेट्या झाल्या, पेट्यांचं पॅलेट झालं, पॅलेट प्री-कूलिंगला गेलं, तिथून कोल्ड स्टोअरला आणि शेवटी न्हावा शेव्याला जाणाऱ्या रीफर (शीत) कंटेनरमध्ये. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी बागेची नोंद अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर असतेच. पण पॅकहाउसच्या चार भिंतींत कोणती पेटी कोणत्या पॅलेटवर चढली, याचा हिशेब पॅकहाउसनंच ठेवायचा असतो. ॲप लिहिण्यात जेवढी डोकेफोड झाली, जवळपास तेवढीच ते कोणत्या हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरून बारकोड वाचणाऱ्या यंत्रावर, चालवायचं हे ठरवण्यात झाली.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: साधा मोबाइल का नको? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दर वेळी ‘नको’ असंच नसतं. सुपरवायझर दिवसाला पन्नास-साठ पॅलेट तपासणार असेल, तर मध्यम किमतीचा फोन, चांगलं कव्हर आणि कॅमेऱ्यानं कोड वाचणारी लायब्ररी एवढ्यावर भागतं. पण एका पॅलेटवर शंभराहून जास्त पेट्या आणि चाळीस फुटी कंटेनरमध्ये वीसेक पॅलेट असा हिशेब धरला, तर एका कंटेनरमागे दोन हजारांच्या वर स्कॅन होतात. कॅमेरा प्रत्येक वेळी फोकस शोधतो, अंधारात अडखळतो आणि स्क्रीन व कॅमेरा सतत चालू असल्यानं दुपारपर्यंत बॅटरी बसते. शिवाय ओले हात. पाण्याचे थेंब पडलेल्या काचेवर बोट एकीकडे टेकतं आणि बटण दुसरंच दाबलं जातं.

यंत्रांची यादी हातात घेण्याआधी आम्ही कामाचा एक कागद लिहिला. कोणते कोड वाचायचे, किती अंतरावरून, एका पाळीत किती वेळा, वाचणाऱ्याच्या हातात मोजे आहेत का, तिथलं तापमान किती, नेटवर्क आहे का. सहा ओळींचा कागद. तो हातात असल्यामुळे विक्रेत्यानं दाखवलेल्या यंत्रांपैकी निम्मी पहिल्याच भेटीत गळाली.

स्कॅन इंजिन आणि लेबल एकाच वेळी ठरवावं

बारकोड वाचणारी इंजिनं ढोबळमानानं दोन प्रकारची: लेझर आणि इमेजर. लेझर फक्त रेघांचे कोड वाचतं, क्यूआर किंवा डेटा मॅट्रिक्ससारखे ठिपक्यांचे चौकोनी कोड नाही. फोनच्या स्क्रीनवरचा कोडही त्याला दिसत नाही. इमेजर म्हणजे आत बसवलेला छोटा कॅमेरा आणि नेम धरायला प्रकाशाचा ठिपका. आज नवीन काम सुरू करताना लेझर घेण्याचं काही कारण उरलेलं नाही. आता पेट्यांवर फक्त रेघा असतील, पण पुढच्या हंगामात कुणीतरी क्यूआर मागणारच.

क्यूआरमध्येही भेद आहे. आम्हाला आवक नोंदताना खोकी, ग्रेप गार्ड (बुरशी रोखणारे कागद), पनेट (छोटे डबे) अशा पॅकिंग साहित्याची ई-इन्व्हॉइस बिलं, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेली बिलं, वाचायची होती. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. त्यावरच्या क्यूआरमध्ये दोन्ही पक्षांचे जीएसटी क्रमांक, बिलाची रक्कम, ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि वर डिजिटल सही असते. त्यामुळे तो कोड फार दाट होतो. बिल साध्या प्रिंटरवर छापलेलं, त्यात क्यूआर टपाल तिकिटाएवढा केलेला. स्वस्तातलं इंजिन इथे हात टेकतं. विक्रेत्याकडच्या गुळगुळीत नमुना कार्डावर कुठलंही यंत्र छान चालतं. म्हणून खिशात आपली पाच वाईट बिलं घेऊन जावं.

पॅलेटच्या लेबलावर एसएससीसी, म्हणजे त्या पॅलेटचा ओळखक्रमांक, असतो: जीएस१ या बारकोडचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची १८ अंकी संख्या, शेवटचा अंक पडताळणीचा. जीएस१ च्या नियमांप्रमाणे वाहतुकीच्या लेबलावर सर्वांत बारीक रेघ ०.४९५ मिमी ते ०.९४ मिमी जाडीची असावी. साध्या २०३ डीपीआय (इंचाला २०३ ठिपके) लेबल प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिमीचा असतो, म्हणजे चार ठिपके धरले की ०.५ मिमी बरोबर बसते. लेबल डिझाइन करताना कोडची रुंदी माउसनं ओढून ‘मावेल एवढी’ केली, की ठिपक्यांचा पूर्णांक बिघडतो, काही रेघा जाड तर काही बारीक छापल्या जातात आणि दोष स्कॅनरच्या माथी जातो. कोडच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघेच्या दहापट कोरी जागाही लागते. छपाई थर्मल ट्रान्सफरची, म्हणजे रिबनवरची शाई उष्णतेनं उमटवणारी, रेझिन मिसळलेली रिबन घालून. थेट उष्णतेनं छापलेलं साधं कागदी लेबल दमट खोलीत घासलं जातं, उन्हात काळवंडतं.

अंतराचा मुद्दाही इथलाच. नेहमीच्या पल्ल्याचं इंजिन अशा लेबलासाठी हातभर अंतरावर उत्तम चालतं. फोर्कलिफ्टवर बसून उंच रॅकवरचं लेबल वाचायचं असेल, तर विस्तारित पल्ल्याचं इंजिन लागतं. ते महाग असतं आणि त्याच्या काही जातींना अगदी जवळचे बारीक कोड वाचायला त्रास होतो. आमच्या पॅकहाउसमध्ये पॅलेट जमिनीवरच राहतात, त्यामुळे तो खर्च वाचला.

दोन सेटिंगांनी मात्र आमचे बरेच दिवस खाल्ले. एक: पेट्या एकावर एक रचल्या की चार लेबलं एकदम इंजिनच्या नजरेत येतात आणि ते त्यातलं कुठलंही उचलतं. नेमाच्या ठिपक्याखालचाच कोड वाचण्याची ‘पिकलिस्ट’ नावाची सोय बहुतेक चांगल्या यंत्रांत असते, ती चालू करावी लागते. दोन: खोके बनवणाऱ्या कारखान्यानं पेटीच्या बुडाशी स्वतःचा ‘इंटरलीव्ह्ड टू ऑफ फाइव्ह’ प्रकारचा रेघांचा कोड छापलेला होता. या जुन्या कोडात पडताळणीचा अंक सक्तीचा नसतो आणि रेघांचा तुकडा दिसला तरी तो पूर्ण कोड म्हणून वाचला जातो. ॲपमध्ये सहा-आठ आकडी भुताटकी नोंदी येऊ लागल्या. जे कोडप्रकार लागत नाहीत ते सगळे बंद करायचे, आणि हा ठेवायचाच असेल तर त्याची लांबी पक्की बांधायची.

वाचलेला कोड ॲपपर्यंत कसा पोहोचतो

माहितीपत्रकात जिला एक ओळही मिळत नाही, ती ही बाब. सानुकूल सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यासाठी खरी निवड इथे होते.

पहिला मार्ग कीबोर्डचा. यंत्र कोड वाचतं आणि जणू कुणी टाइप केलं अशा थाटात अक्षरं समोरच्या चौकटीत ओततं. एक ओळही कोड न लिहिता चालतं, म्हणून डेमोत सगळ्यांना आवडतं. अडचणी नंतर येतात. फोकस दुसऱ्या चौकटीत गेला की कोड तिकडे जातो. शेवटी आपोआप येणारा ‘एंटर’ स्क्रीनवरचं बटण दाबतो आणि एकच नोंद दोनदा जाते. सर्वांत वाईट म्हणजे जीएस१ च्या कोडातलं विभाजक चिन्ह, आस्कीतलं २९ क्रमांकाचं, न दिसणारं अक्षर, वाटेत गळतं. बॅच क्रमांकाची लांबी जीएस१ मध्ये २० अक्षरांपर्यंत कितीही असू शकते. विभाजक गळला की बॅच कुठे संपला आणि पुढची तारीख कुठे सुरू झाली हे कळायला मार्गच उरत नाही. कोड बरोबर वाचला जातो, अर्थ चुकीचा निघतो आणि ते लक्षात यायला आठवडा जातो.

दुसरा मार्ग इंटेंटचा, म्हणजे अँड्रॉइडमध्ये एका ॲपनं दुसऱ्याला धाडायच्या निरोपाचा. यंत्रातली स्कॅन सेवा वाचलेला मजकूर आणि कोडचा प्रकार एका अँड्रॉइड इंटेंटमध्ये घालून आपल्या ॲपला पाठवते. झेब्राच्या यंत्रांत हे काम डेटावेज करतं, हनीवेल आणि डेटालॉजिककडेही आपापल्या सेवा आहेत. तिसरा मार्ग निर्मात्याच्या एसडीकेचा, म्हणजे ॲपमध्ये जोडायच्या तयार कोडसंचाचा, उदाहरणार्थ झेब्राचं ईएमडीके. त्यात इंजिनवर पूर्ण ताबा मिळतो, पण ॲप त्या कंपनीच्या दावणीला बांधलं जातं. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: स्कॅनर एका वेळी एकाच्याच ताब्यात असतो. डेटावेज चालू ठेवून एसडीकेनंही स्कॅनर मागितला की ‘स्कॅनर वापरात आहे’ असं उत्तर येतं. ॲप मागे गेलं की स्कॅनर सोडायचा, पुढे आलं की पुन्हा घ्यायचा. हे विसरलं तर फोन आल्यावर किंवा स्क्रीन बंद झाल्यावर ट्रिगर मेल्यासारखा होतो आणि कामगार यंत्र रीस्टार्ट करत बसतात.

आम्ही इंटेंट घेतला. तिथेही खाचखळगे आहेत. अँड्रॉइड ८ पासून मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टिमला सांगणाऱ्या फाइलमध्ये) नोंदवलेल्या रिसीव्हरकडे, म्हणजे निरोप झेलणाऱ्या भागाकडे, कुणाचं नाव न घेता सोडलेले बहुतेक ब्रॉडकास्ट (सर्वांसाठीचे निरोप) पोहोचत नाहीत. रिसीव्हर चालत्या ॲपमध्ये नोंदवावा लागतो. ॲप अँड्रॉइड १४ साठी बांधलं की रिसीव्हर बाहेरच्यांसाठी खुला आहे की बंद, हे नोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगावं लागतं. सुरक्षिततेच्या सवयीनं ‘बंद’ लिहिलं की स्कॅन सेवा ही आपल्या ॲपबाहेरची असल्यानं एकही कोड येत नाही. लॉगमध्ये चूक दिसत नाही, ट्रिगर दाबला की बीपही वाजतो. अँड्रॉइड ११ पासून दुसरं पॅकेज (ॲप) आपल्या ॲपला दिसावं म्हणून मॅनिफेस्टमध्ये त्याचं नाव द्यावं लागतं. एसडीकेच्या मार्गानं जाणाऱ्यांना याची ठेच हमखास लागते. तसंच अँड्रॉइड १० पासून साध्या ॲपला यंत्राचा अनुक्रमांक वाचता येत नाही. कोणत्या यंत्रावरून स्कॅन झाला हे हवं असेल, तर निर्मात्यानं दिलेली खास वाट आहे का, ते खरेदीआधी तपासावं. नाहीतर पहिल्यांदा ॲप उघडताना यंत्राला स्वतःच क्रमांक देऊन तो जपून ठेवावा.

ॲपच्या आत स्कॅनरसाठी आम्ही एकच इंटरफेस ठेवला: ‘कोड आला, प्रकार हा, वेळ ही’. त्यामागे प्रत्येक कंपनीच्या यंत्रासाठी कोडचा वेगळा छोटा भाग, आणि एक खोटा स्कॅनर, जो मजकूर फाइलमधून कोड वाचून पाठवतो. एम्युलेटरवर (संगणकावरच्या नकली फोनवर) स्कॅन इंजिन नसतं, त्यामुळे हा खोटा स्कॅनर नसेल तर प्रत्येक डेव्हलपरच्या टेबलावर एक महागडं यंत्र ठेवावं लागतं. या थरामुळे तीन कंपन्यांची यंत्रं एकाच बिल्डवर तपासता आली. नवं यंत्र जोडायला दीड-दोन दिवस पुरले, तर ते यादीत राहायचं. आठवडा लागला, तर का लागतोय याची चौकशी सुरू व्हायची. बहुतेक वेळा कागदपत्रं जुनी असायची, किंवा एसडीके मागितल्यावर ईमेलनं झिप फाइल यायची. ही दोन्ही लक्षणं आम्ही गंभीरपणे घेतो. ज्या कंपनीचा एसडीके उघडपणे, आवृत्तीनिशी आणि चालत्या उदाहरणांसह मिळतो, तिच्या यंत्राला थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नसावी.

ऑपरेटिंग सिस्टिमचं आयुष्य

जुन्या बाजारात विंडोज मोबाइल आणि विंडोज सीईची दणकट यंत्रं कवडीमोल भावात मिळतात आणि दरवेळी कुणीतरी ती सुचवतंच. यंत्रं खरंच भक्कम आहेत. पण विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड ६.५ चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी अद्यतनं, १४ जानेवारी २०२० ला संपला, एम्बेडेड कॉम्पॅक्ट २०१३ चा १० ऑक्टोबर २०२३ ला. विंडोज मोबाइलसाठी ॲप बांधायला व्हिज्युअल स्टुडिओ २००८ लागतो, त्यापुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. आणि ६.५ मध्ये टीएलएस १.२ (जोडणी सुरक्षित करणारी पद्धत) मुळातच नाही, म्हणजे आजच्या बहुतेक सर्व्हरशी ते यंत्र बोलूच शकत नाही.

अँड्रॉइडमध्येही वय बघावं लागतं. ७.१.१ च्या आधीच्या आवृत्त्या लेट्स एन्क्रिप्ट या सर्व्हरना फुकट सुरक्षा प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या मूळ प्रमाणपत्राला ओळखत नाहीत, त्यामुळे सर्व्हरवर तिचं प्रमाणपत्र असेल तर जोडणी नाकारली जाते. गूगलच्या सेवा नसलेली यंत्रं स्वस्त पडतात. त्यावर गूगलची पुश सूचना चालत नाही, नकाशे नाहीत आणि वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) कारखान्यातून आला तसाच राहतो. ॲपचे काही पडदे वेबचे असतील तर हे नंतर नडतं. गूगलची ‘अँड्रॉइड एंटरप्राइज रेकमेंडेड’ ही यादी २०१८ मध्ये आली आणि त्याच वर्षी दणकट यंत्रांसाठी तिचा वेगळा वर्ग झाला. त्यात सुरक्षा अद्यतनं ९० दिवसांच्या आत आणि पाच वर्षं देण्याची अट आहे. यंत्र या यादीत आहे की नाही, ही पहिली चाळणी. दुसरी चाळणी म्हणजे अद्यतनं फुकट आहेत की वार्षिक कराराशी बांधलेली, हे लेखी विचारणं. आधार पाच वर्षांचा म्हणतात तेव्हा ती वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण खरेदी केल्यापासून नाही. सवलतीत मिळणारं मॉडेल बहुधा त्यातली तीन वर्षं आधीच खर्चून बसलेलं असतं.

दणकटपणाचे आकडे

आयपी हा धूळ-पाण्यापासूनच्या बचावाचा दर्जा. आयपी ६७ मधला ६ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी ६५ मधला ५ म्हणजे पाण्याची धार. बुडण्याची परीक्षा पास झालेलं यंत्र धारेत टिकेलच असं नाही. त्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत, म्हणून जबाबदार निर्माते दोन्ही आकडे छापतात. पॅकहाउसमध्ये संध्याकाळी फरशी पाइपनं धुतात, त्यामुळे आम्हाला दोन्ही हवे होते. यंत्राचं मागचं झाकण नीट लावलं नसेल, चार्जिंगच्या खाचेचं रबरी झाकण हरवलं असेल, तर हे आकडे कागदावरच राहतात.

पडण्याबाबत ‘मिल-एसटीडी-८१०’ हा अमेरिकी लष्करी मानकाचा शिक्का सर्रास दिसतो. त्याच्या ८१०जी आवृत्तीतल्या चाचणीत यंत्र १२२ सेंमीवरून २६ वेळा, सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपऱ्यांवर पाडतात. खाली काँक्रीट आणि त्यावर प्लायवूड. आणि हे २६ आघात पाच यंत्रांत वाटून घ्यायची मुभा आहे. शिवाय हा शिक्का देणारी कुठली संस्था नाही, निर्माता स्वतःच जाहीर करतो. त्यामुळे आम्ही तीनच प्रश्न विचारले: काँक्रीटवर किती उंचीवरून, रबरी बूट (संरक्षक कव्हर) घालून की न घालता, आणि तो आकडा खोलीच्या तापमानाचा की यंत्राच्या पूर्ण तापमान-पल्ल्यातला. थंडीत प्लास्टिक कडक होतं, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं तर समजून घ्यायचं.

पण आमच्याकडे यंत्रं पडून बिघडली नाहीत. ती घामेजून बिघडली.

द्राक्षाचं कोल्ड स्टोअर शून्य अंशाच्या आसपास, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. माहितीपत्रकात आर्द्रतेपुढे लहान अक्षरांत लिहिलेलं असतं: ९५ टक्के, ‘दव न धरणारी’. सगळी गोम या तीन शब्दांत आहे. पॅकिंग हॉलमध्ये ३० अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता धरली तरी दवबिंदू १५ अंशांच्या आसपास येतो. शून्यावरचं यंत्र बाहेर आणलं की त्याच्यावर लगेच पाणी धरतं: स्क्रीनवर, स्कॅनरच्या काचेवर, आणि सील जुनं असेल तर आतूनही. बाहेरची काच पुसता येते, आतलं धुकं तासभर जात नाही. खास शीतगृहासाठीच्या यंत्रांत, जसं झेब्रा एमसी९३०० ची फ्रीझर आवृत्ती, स्कॅनरची काच तापवण्याची सोय असते. उणे तापमानाच्या गोदामाला ती लागतेच. शून्य अंशाच्या खोलीसाठी तेवढा खर्च करण्याऐवजी आम्ही शिस्त बदलली: आतली यंत्रं आतच, बाहेरची बाहेरच. आतल्या यंत्रांवर रंगीत पट्टी चिकटवली. ती फक्त पाळी संपल्यावर बाहेर येतात, अर्धा-पाऊण तास जाळीच्या मांडणीवर वाळतात आणि मग चार्जरवर चढतात. ओलं यंत्र चार्जरवर ठेवलं की पिनांवर गंज धरतो. शिवाय लिथियम-आयन बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करू नये, म्हणून चार्जर खोलीच्या बाहेरच.

गंजाचं दुसरं कारण कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. पेटीत घालतात त्या ग्रेप गार्डच्या कागदात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओलावा मिळाला की त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो, बुरशी रोखतो. तोच वायू पाण्याच्या थेंबात विरघळून आम्ल बनतो आणि तांब्याच्या संपर्कबिंदूंवर बसतो. बाहेरून निरोगी दिसणारं यंत्र चार्ज होत नाही, किंवा बॅटरी अर्ध्यावर अडते. उपाय साधा आहे: आठवड्यातून एकदा यंत्राचे आणि पाळण्याचे (यंत्र ठेवून चार्ज करायच्या स्टँडचे) संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसणं. निवडीच्या वेळी बघायचं ते असं की संपर्कबिंदू सोन्याचा मुलामा दिलेले आहेत का, आणि पाळण्याच्या पिना वेगळ्या विकत मिळतात का.

हात, बॅटरी, भिंती

कोल्ड स्टोअरमध्ये जाड मोजे असतात. स्क्रीनला मोज्यांचा मोड असला तरी जाड लोकरी मोज्यात तो दगा देतो. तिथे कळफलक असलेलं बंदुकीच्या आकाराचं यंत्र बरं. झेब्रा एमसी३३०० किंवा हनीवेल सीके६५ ही त्या घाटाची उदाहरणं. पॅकिंग हॉलमध्ये फोनसारखं हलकं यंत्र आणि त्याला जोडता येणारी ट्रिगरची मूठ पुरते. दोन्ही जागांना एकच मॉडेल घ्यावं असा मोह होतो. आम्ही दोन घेतली. मात्र ॲपचे सगळे पडदे चार इंची स्क्रीनला धरून काढले आणि प्रत्येक कामाची अखेर एका मोठ्या बटणावर आणि त्याच वेळी कळफलकावरच्या एका कळीवर आणली. चुकीच्या स्कॅनला वेगळा आवाज आणि कंपन दोन्ही दिली. पंख्यांच्या घरघरीत बीप ऐकू येत नाही.

बॅटरी काढता येणारी हवी, यावर तडजोड नको. बॅटरी बदलताना यंत्र बंद पडतं की चालू राहतं, हे प्रत्यक्ष बदलून बघावं. ॲप मधल्या पॅलेटवर होतं, तिथेच परत यायला हवं. थंडीत बॅटरीची क्षमता घटते, म्हणून छापील तास बाजूला ठेवून आपल्या खोलीत, आपल्या ॲपवर पूर्ण पाळी चालवून पाहावं. एकावेळी आठ यंत्रं कामात असतील तर आमचा हिशेब असा होता: दहा यंत्रं, वीस बॅटऱ्या, चार खाचांचे बॅटरी चार्जर तीन, हातपट्टे वीस, स्क्रीनच्या फिल्म तीस. पाळणे आणि चार्जर दुसऱ्या मॉडेलला बहुधा बसत नाहीत, त्यांची किंमत यंत्राच्या किमतीत धरूनच तुलना करावी.

शीतगृहाच्या भिंती पफ पॅनेलच्या, म्हणजे फोमच्या दोन्ही बाजूंना पत्रा. दार लावलं की वायफाय गेलं. प्रत्येक खोलीत वेगळा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारी पेटी) हा खरा उपाय. यंत्राला एका पॉइंटवरून दुसऱ्यावर पटकन सरकता यावं म्हणून ८०२.११आर, के आणि व्ही या वायफाय मानकांची सोय बघावी. तरीही ॲप नेटवर्क नाहीच असं धरून लिहिलं. प्रत्येक स्कॅन आधी यंत्रातल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, स्वतःच्या अनन्य क्रमांकासह, आणि तीच नोंद सर्व्हरवर दोनदा पोहोचली तरी एकदाच धरली जाईल अशी. बॅटरी पूर्ण संपून काही यंत्रांचं घड्याळ मागे जातं, मग प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ म्हणून जोडणी तुटते. नेटवर्कचा दोष समजून आम्ही त्यात एक पूर्ण दुपार घालवली.

सिमची यंत्रं घेताना बँड, म्हणजे यंत्र पकडू शकतं ते फ्रिक्वेन्सीचे पट्टे, बघावेत. जिओची एलटीई (फोरजी) सेवा ३, ५ आणि ४० या बँडवर आहे आणि तिच्याकडे टूजी-थ्रीजी नाही. अमेरिकी बाजारासाठीच्या यंत्रात ४० नसला तर गावात नेटवर्क लंगडं होतं. परदेशातून परस्पर आणलेल्या मालावर बॅटरीची बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी आणि रेडिओसाठीची डब्ल्यूपीसी (दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा) मान्यता आहे का, तेही विचारावं. नसेल तर वॉरंटीही सहसा नसते.

खरेदी आणि त्यानंतर

एकाच मॉडेलच्या नावाखाली डझनावारी जाती असतात. झेब्राच्या टीसी२१ मध्ये मोबाइल नेटवर्क नाही, टीसी२६ मध्ये आहे. आणि टीसी२१ स्कॅन इंजिनविना, फक्त कॅमेऱ्यावर चालणारंही मिळतं. कोटेशनमध्ये फक्त मॉडेलचं नाव असेल तर दोन विक्रेत्यांच्या दरांची तुलना व्यर्थ आहे. एका कोटेशनमध्ये भाव एवढा कमी का, याचा उलगडा शेवटी पूर्ण पार्ट क्रमांक मागवल्यावर झाला: त्यात इंजिनच नव्हतं. खरेदी आदेशात पूर्ण पार्ट क्रमांक, अँड्रॉइडची आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक लिहून घ्यावा.

चाचणीसाठी प्रत्येक मॉडेलचं एक यंत्र किमान दहा दिवस मागावं आणि ते डेव्हलपरच्या टेबलावर न ठेवता पाळीत द्यावं. आम्ही शंभर लेबलांचा एक गठ्ठा बनवला होता: साठ चांगली, बाकीची सुरकुतलेली, ओली, चिकटपट्टीखालची, मुद्दाम फिकट छापलेली आणि जवळजवळ चिकटवलेली. प्रत्येक यंत्राला तोच गठ्ठा, हॉलमध्ये एकदा आणि कोल्ड स्टोअरमध्ये एकदा. न वाचलेल्यांपेक्षा चुकीच्या वाचलेल्यांकडे जास्त लक्ष दिलं. न वाचलेलं लेबल कामगार पुन्हा वाचतो, चुकीचं वाचलेलं कंटेनरमध्ये जातं.

यंत्रं आल्यावर ती पेटीतून काढून लगेच गूगल खातं घालून सुरू करू नयेत. संपूर्ण ताबा आपल्या व्यवस्थापन ॲपकडे द्यायचा तर यंत्र कोऱ्या अवस्थेत असावं लागतं. स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारली की क्यूआर वाचण्याची सोय उघडते. त्या क्यूआरमध्ये वायफाय आणि ॲपचा पत्ता घातला की दहा यंत्रं तासाभरात तयार होतात. नंतर ॲप पडद्यावर कुलूपबंद करायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी यूट्यूब सापडतं. स्कॅन सेवेची प्रोफाइल हातानं लावू नये. ॲपनंच सुरू होताना ती तयार करावी किंवा तपासावी. दहापैकी एका यंत्रावर विभाजक चिन्ह काढून टाकणारी खूण चुकून लागलेली असणं, हे शोधायला फार कठीण जातं.

दहापैकी दोन यंत्रं कुलूप न लावता आमच्याकडेच ठेवली आहेत. निर्मात्याचं प्रत्येक अद्यतन आधी त्यांच्यावर जातं, गठ्ठ्यातली शंभर लेबलं पुन्हा वाचली जातात, मग बाकीच्यांवर. हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकतो. जानेवारीत पहिला क्रेट आला की एप्रिलपर्यंत कुठल्याही यंत्राचं अद्यतन बंद.